नासक्या आंब्याचा सिद्धान्त

एखाद्या वस्तीत गर्दपायी विशी-बाविशीतला मुलगा गेला, की त्याचे दिवसकार्य आटोपण्यापूर्वीच त्याच्या मृत्यूचा निवाडा लागलेला असतो. निवाडा देणारी माणसे दुष्ट नसतात. त्याला लहानपणी कडेवर घेतलेले काका, गणित शिकवलेले मास्तर, गृहनिर्माण संस्थेचे चिटणीस, ठाण्यातले निवृत्तीला टेकलेले हवालदार, अशीच ती असतात, आणि त्यांची हळहळही खरी असते. परंतु निवाडा ठरलेला असतो: मुलगा मूळचा चांगला, संगतीने वाया गेला, आढीत एक नासका आंबा होता, तो वेळीच उचलून फेकला असता तर बाकीचे वाचले असते. या सिद्धान्ताला मग दोन पुरवण्या जोडल्या जातात. पहिली अशी, की संगत कशीही असो, ज्याचे मनोबल भक्कम तो घसरत नाही, सबब घसरला तो दुबळाच. आणि दुसरी अशी, की दुबळ्यांवर धाकाचीच मात्रा चालते, म्हणून कायदा कडक हवा, शिक्षा जबर हवी आणि अमली पदार्थाशी ज्याचा दुरूनही संबंध आला त्याची गय होता कामा नये. सभांतून, वृत्तपत्रांच्या पत्रव्यवहारांतून आणि कित्येकदा शोकाकुल घरांच्या उंबऱ्याशी उभ्याउभ्या होणाऱ्या संभाषणांतून हे मत इतक्या निर्वेधपणे वावरत आले आहे की त्याला कोणी पुरावा मागत नाही. माझा आक्षेप असा, की या मतापायी वाचण्याजोगी माणसे मरतात.

त्यात जेवढे सत्य आहे तेवढे आधीच मान्य करून टाकतो. पहिला झुरका बहुधा मित्राच्याच हातून मिळतो. चित्रपटांनी आपल्या मनावर ठसवलेला, शाळेच्या फाटकाशी टपून बसलेला आणि भाबड्या पोरांना फुकट पुड्या वाटणारा अनोळखी इसम प्रत्यक्षात क्वचितच सापडतो. विक्रेत्याला ओळखीचे गिऱ्हाईक पुरते आणि अनोळखी पोराचे भय वाटते. इंग्लंडात ससेक्स परगण्यातील क्रॉली या नव्याने वसवलेल्या शांत नगरात १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात हेरॉइन अचानक पसरले, तेव्हा द अलार्कॉन नावाच्या मनोविकारतज्ज्ञाने प्रत्येक व्यसनी तरुणाला, तुला हे प्रथम कोणी दिले, एवढे एकच विचारत जाऊन त्या प्रसाराची रीतसर वंशावळ मांडली आणि ती १९६९ साली प्रसिद्ध केली. त्या वंशावळीत एका तरुणापासून दुसऱ्याकडे जाणाऱ्या ज्या रेषा आहेत, त्या मैत्रीच्या आणि ओळखीच्या आहेत. येथवर काका, मास्तर आणि हवालदार यांचे म्हणणे खरे आहे.

पण ह्याच पाहणीने आणि अमेरिकेत शिकागोत पुढे झालेल्या तशाच संशोधनाने जी दुसरी गोष्ट उघड केली, ती नासक्या आंब्याच्या सिद्धान्ताला मुळापासून उखडून टाकणारी आहे. व्यसन पसरवतो तो बहुतांशी नवखा, ज्याला सुरुवात करून थोडेच दिवस झाले आहेत असा. जो पुरता खंगला, ज्याचे गाल बसले, ज्याने घरातली भांडी विकली, जो नाक्यावर चार रुपयांसाठी हात पसरतो, त्याच्याकडे पाहून कोणता मुलगा म्हणेल की मलाही असे व्हायचे आहे? तो स्वतःच एक इशारा असतो. उलट ज्याचा अंगावरचा शर्ट अजून इस्त्रीचा आहे, जो कॉलेजात जातो, संध्याकाळी क्रिकेट खेळतो आणि मनगट हलवून सांगतो की काही होत नाही रे, मी बघ ना, महिन्यातून दोनदा घेतो, पाहिजे तेव्हा सोडतो, त्याच्या बोलण्यावर विश्वास बसतो. आणि खेदाची गोष्ट ही, की तो खोटे बोलत नसतो. त्या घटकेला त्याचा तसा खराच समज असतो. म्हणजे आढीतले जे फळ आपण नासके म्हणून उचलून फेकतो, त्याच्यापासून लागण होण्याचा काळ केव्हाच सरलेला असतो, आणि ज्याच्यापासून ती होते ते वरून इतके ताजे टवटवीत दिसते की आपण आपल्या मुलाला त्याचाच कित्ता गिरवायला सांगत असतो.

शिवाय ह्या सिद्धान्ताला इतिहासाचे काडीइतके भान नाही. एखाददुसऱ्या वाया गेलेल्या पोरामुळे मुंबईच्या नाक्यानाक्यावर अवघ्या काही वर्षांत गर्द कसा पोहोचला, ह्याचे उत्तर त्याच्याजवळ नाही. १९७९ साली इराणात क्रांती झाली, त्याच वर्षी पाकिस्तानात हुदूद फर्मानाने अफूचे परवानाधारक गुत्ते बंद पडले, आणि वर्ष सरता सरता सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात उतरल्या. ह्या उलथापालथीत त्या प्रदेशातल्या अफूची जागा सरहद्दीवरच्या भट्ट्यांत तयार होणाऱ्या भुऱ्या, अशुद्ध हेरॉइनने, म्हणजेच गर्दने, घेतली, आणि त्या मालाच्या वाटांवर मुंबईचे बंदर सापडले. त्याच सुमारास, १८ जानेवारी १९८२ रोजी, डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले आणि पुष्कळांना ते काम पुन्हा मिळालेच नाही. बापाच्या बदली आपण लागू, ह्या भरवशावर वाढलेली परळ-लालबागची पोरे ज्या वर्षांत रिकामी झाली, त्याच वर्षांत पुडी स्वस्त झाली. संपामुळे गर्द आला असे मी म्हणत नाही; मलबार हिलवरही तो आला होता, आणि तेथे कोणाची गिरणी बंद पडली नव्हती. परंतु एवढ्या मोठ्या घडामोडीचे खापर नाक्यावरच्या एका पोराच्या डोक्यावर फोडण्यात जी सोय आहे, ती सोय पाहणाऱ्याची आहे. (आणि ह्या शहराने सोवळेपणाचा फार आव आणू नये हेही जाता जाता सांगतो, एकोणिसाव्या शतकात माळव्याची अफू ह्याच बंदरातून चीनला जात होती आणि जमशेटजी जिजीभाईंसारख्या प्रतिष्ठित व्यापाऱ्यांच्या ज्या संपत्तीतून येथील धर्मादाय संस्था उभ्या राहिल्या, तिच्यात त्या अफूचा वाटा लहान नव्हता.)

आता दुबळेपणाची पुरवणी. हेरॉइन रक्तातून मेंदूत अतिशय वेगाने शिरते, तेथे त्याचे मॉर्फिन होते, आणि रोजच्या सेवनाने शरीर त्याला इतके सरावते की ते मिळाले नाही तर सहा-बारा तासांत टर्की सुरू होते: नाकाडोळ्यांतून पाणी, हाडांत ठणका, पोटात मुरडा, जुलाब, झोपेचा संपूर्ण नाश. दोन-तीन दिवस ही यातना शिगेला पोहोचते आणि आठवड्याभरात ओसरते. तिने सहसा माणूस दगावत नाही. येथेच प्रतिपक्षाला आपला मुद्दा सिद्ध झाल्यासारखे वाटते. आठ दिवसांत शरीर मोकळे होते, तरी महिन्याने पोरगा पुन्हा पन्नी आणि काडेपेटी घेऊन बसतो, तेव्हा ह्याला दुबळेपणा म्हणू नये तर काय म्हणावे?

ह्याचे उत्तर एका वेगळ्याच ठिकाणाहून मिळते. व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकी शिपायांना शुद्ध आणि स्वस्त हेरॉइन मुबलक मिळे, आणि १९७१ साली परतलेल्या शिपायांची पाहणी ली रॉबिन्स या विदुषींनी केली तेव्हा सुमारे पाचांतला एक तेथे व्यसनाधीन झाला होता असे आढळले. वॉशिंग्टनमध्ये घबराट उडाली होती की हे सहस्रावधी गर्दुल्ले आता आपल्या गावोगावी येणार. प्रत्यक्षात व्यसनाधीन होऊन परतलेल्यांपैकी पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनात अडकले ते शेकडा पाच, आणि तीन वर्षांत शेकडा बारा. हेच शिपाई सैगावात दुबळे होते आणि ओहायोत विमानातून उतरताच मनोनिग्रही झाले, असे मानायचे काय? बदलले होते ते भोवतालचे सारे: भय गेले होते, घर होते, काम होते, आणि त्यांची वाट पाहणारी माणसे होती.

मला ठाऊक आहे की हे उदाहरण प्रतिपक्ष माझ्यावरच उलटवील: पाहा, संगत सुटली आणि व्यसन सुटले, आम्ही वेगळे काय म्हणत होतो! परंतु त्या शिपायांची संगत नुसती सुटली नाही. तिच्या जागी दुसरी आली. आमचा मुलगा उपचारकेंद्रातून बाहेर पडतो तेव्हा आम्ही त्याला एकच आज्ञा देतो की जुन्या मित्रांचे तोंड पाहायचे नाही, आणि ती पाळायला लावताना हे विसरतो की नवे मित्र देण्याची तजवीज आम्ही केलेली नाही. पूर्वी ज्यांच्याबरोबर तो खेळला, पण ज्यांनी गर्दला कधी स्पर्श केला नाही, अशा मुलांच्या आयाबापांनी आपापल्या मुलांना त्याच्यापासून केव्हाच तोडलेले असते. मामा घरी बोलावत नाहीत, कारण मागच्या खेपेला मामींची बांगडी गेली होती. मालक कामावर घेत नाही, कारण ठाण्यात नाव आहे. मुंबईसारख्या शहरात त्याला पाहून ज्याचा चेहरा खुलतो असा एकच माणूस उरतो, आणि तो नाक्यावर पन्नी घेऊन बसलेला असतो. त्याच्याकडे गेला म्हणून त्याला दुबळा म्हणणाऱ्यांनी एकदा स्वतः महिनाभर कोणाचाही खुललेला चेहरा न पाहता राहून दाखवावे.

धाकाची पुरवणी सर्वांत घातक, म्हणून तिच्यापाशी अधिक थांबतो. अमली पदार्थविरोधी कायदा १९८५च्या नोव्हेंबरात आला. १९८९ साली त्यात दुसऱ्यांदा केलेल्या मोठ्या गुन्ह्यासाठी देहान्ताची शिक्षा घातली गेली, आणि ती अनिवार्य असणे घटनाबाह्य आहे असे मुंबई उच्च न्यायालयाला २०११ साली सांगावे लागले. धाक कमी पडला अशी तक्रार निदान ह्या कायद्याविरुद्ध करता येणार नाही. आणि निष्पत्ती? केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत अफू घेणारे लोकसंख्येच्या शेकडा ०.५२ आढळले, तर हेरॉइन घेणारे १.१४. चौतीस वर्षांच्या धाकानंतर सौम्य पदार्थापेक्षा जालीम पदार्थाचे गिऱ्हाईक दुपटीहून अधिक भरले. आणि त्याच पाहणीत असेही दिसले की बेकायदा पदार्थांच्या आधीन झालेल्यांपैकी इस्पितळात दाखल होऊन उपचार मिळालेला वीसांत एकच आहे.

पण आकड्यांपेक्षा ह्या धाकाचे खरे कार्य पाहायचे असेल तर एका खोलीत शिरावे लागेल. चारपाच मित्र बसले आहेत असे डोळ्यांपुढे आणा. त्यांतल्या एकाने पन्नीवरून ओढण्याचा टप्पा ओलांडून सुई धरली आहे, आणि सुईत धोका किती तरी पटींनी अधिक असतो. त्यातच त्याने दारू घेतली आहे, किंवा झोपेच्या गोळ्या. तो आडवा होतो आणि घोरू लागतो. ते घोरणे झोपेचे नसते; श्वासाचे नियमन करणारे मेंदूतले केंद्र मंदावू लागल्याची ती खूण असते, आणि मित्रांना वाटते, झोपला आहे, झोपू द्या. ओठ निळे पडू लागल्यावर त्यांच्या लक्षात येते. हा मृत्यू बहुधा क्षणात येत नाही. मध्ये बराच अवधी असतो, कधी तासाहूनही अधिक, आणि त्या अवधीत नॅलोक्सोनचे एक इंजेक्शन मिळाले तर थांबू घातलेला श्वास मिनिटांत परत येतो. म्हणजे औषध आहे, वेळ आहे, आणि साक्षीदारही आहेत. मग ते काय करतात? तोंडावर पाणी मारतात, थपडा मारतात, मीठपाणी पाजू पाहतात, आणि अखेरीस एकेक करून निघून जातात.

ते का पळतात ह्याचा जाब आपण त्यांच्या मैत्रीला विचारतो. तो कायद्याच्या पुस्तकाला विचारावा. कलम २७ प्रमाणे हेरॉइनचे नुसते सेवन हाच गुन्हा आहे आणि त्याला एक वर्षापर्यंत सक्तमजुरी आहे, म्हणजे तेथे बसलेला प्रत्येक जण आरोपी. कलम २५ प्रमाणे आपल्या जागेत असा गुन्हा जाणूनबुजून होऊ देणाऱ्याला त्या गुन्ह्याचीच शिक्षा आहे, म्हणजे खोली ज्याची तोही आरोपी. ज्याने आपल्या पुडीतले मित्राला दिले त्याच्यावर पुरवठ्याचा ठपका येण्याची भीती, आणि मित्र मेलाच तर सदोष मनुष्यवधाचा संशय. एकोणीस-वीस वर्षांच्या, नशेत अर्धवट बुडालेल्या मुलाने हा सारा हिशेब बाजूला सारून रुग्णवाहिका बोलवावी अशी आपली अपेक्षा असते, आणि ती पुरी झाली नाही की आपण म्हणतो, पाहा, हीच ती संगत, मरताना सोडून गेली! ज्या धाकाने त्यांना पळवले तो आम्हीच घातला होता. अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्याने २००७ साली कायदा करून अशा वेळी मदत मागणाऱ्याला सेवनाच्या खटल्यापासून अभय दिले, आणि त्यामागून बहुतेक राज्यांनी तोच मार्ग धरला. शिकागोत तर १९९६ सालापासूनच नॅलोक्सोन खुद्द व्यसनी तरुणांच्या हाती देऊन ते कसे टोचावे हे शिकवण्यास प्रारंभ झाला होता, ह्या साध्या विचाराने की त्या घटकेला खोलीत डॉक्टर नसतो, मित्र असतो.

धाकाचे आणखी एक फळ तुरुंगाच्या दाराशी पिकते. कोठडीत सक्तीने व्यसन तुटलेला तरुण बाहेर येतो तेव्हा त्याच्या शरीराची पूर्वीची सहनशक्ती गेलेली असते. परंतु हाताला जुने माप आठवते. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील कैद्यांचा जो अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला, त्यात सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत अतिमात्रेने मरण्याचा धोका सामान्य नागरिकाच्या १२९ पट आढळला. हे केवळ तुरुंगापुरते नाही. ज्या केंद्रात मुलाला डांबून, मारझोड करून ‘सुधारले’ जाते आणि एके दिवशी बापाच्या स्वाधीन केले जाते, तेथून सुटलेल्यालाही हाच नियम लागू आहे. म्हणूनच मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन देऊन वर्षानुवर्षे त्याला स्थिर ठेवण्याची पद्धत, जी न्यूयॉर्कमध्ये १९६५ पासून रुळली आणि जी आपल्या राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेनेही स्वीकारली आहे, तिला एक व्यसन काढून दुसरे लावणे म्हणून हिणवणारे सोवळे लोक मला नैतिक वाटत नाहीत. जिवंत माणसाचे पुढे काही करता येते.

त्या खोलीतल्यासारख्या टोळक्यातून वाचलेल्यांचे काय होते, हे कोणी विचारत नाही. एकाला कावीळ झाल्याचे निमित्त होऊन हेपटायटिस सी निघतो, एक तारखांवर तारखा घेत न्यायालयात खेटे घालतो, एकाला घरचे गावी धाडतात आणि तो तेथे दारूला लागतो. आणि ज्याने कधी काही घेतलेच नाही असा एखादा त्यांच्यात हटकून असतो, तो आपण वेळीच घरी सांगायला हवे होते का, ह्या एका प्रश्नात अडकून पडतो. गेलेल्याच्या घरी हृदयविकार सांगितलेला असतो, तेव्हा ह्याला तेथे जाऊन रडण्याचीही सोय नसते. शोक करायला कोणी बोलावत नाही, आणि चौकशीला मात्र बोलावतात.

ज्यांनी ह्या विषयात खरे काम केले, त्यांनी हे टोळके मोडले नाही. त्याचे रूप पालटले. डॉ. अनिल अवचटांचे गर्दविषयीचे लेख वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले, त्यांनी आर्थिक पाठबळ दिले, आणि १९८६ साली पुण्यात येरवड्याला मनोविकारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचटांनी मुक्तांगण उभे केले. तेथे व्यसनातून बाहेर आलेलीच माणसे नव्याने आलेल्यांना सांभाळतात. बायकांचा वेगळा गट भरतो. बाहेर पडलेला पुन्हा घसरला तर त्याला दार बंद होत नाही. वांद्र्यात फादर ज्यो परेरांनी १९८१ साली सुरू केलेल्या कृपा फाउंडेशनमध्ये आणि नार्कोटिक्स ॲनॉनिमसच्या बैठकांत तत्त्व तेच आहे: जो ह्या वाटेने गेला आणि परतला, त्याच्या शब्दाला जे वजन असते ते काकांच्या, मास्तरांच्या आणि हवालदारांच्या शब्दाला येणे नाही. नासका म्हणून फेकलेला आंबाच येथे बाकीच्यांना राखतो आहे, आणि त्या सिद्धान्ताने ह्याचा उलगडा करून दाखवावा.

मागण्या दोनच आहेत आणि त्या अवाजवी नाहीत. स्वेच्छेने उपचार घेऊ इच्छिणाऱ्या व्यसनी माणसाला खटल्यापासून अभय देणारे ६४-अ हे कलम आमच्या कायद्यात आधीपासूनच आहे. त्यात एवढीच भर घालावी, की अतिमात्रेने शुद्ध हरपलेल्या मित्राला इस्पितळात आणणाऱ्यावर किंवा त्याच्यासाठी मदत बोलावणाऱ्यावर सेवनाचा, बाळगण्याचा वा जागा दिल्याचा खटला भरला जाणार नाही. आणि नॅलोक्सोन इस्पितळाच्या कपाटातून काढून जिल्ह्याजिल्ह्यातल्या व्यसनमुक्ती केंद्रांमार्फत ह्या मुलांच्या हाती पोहोचवावे. महाराष्ट्राच्या खासदारांनी ही दुरुस्ती संसदेत मांडावी, आणि ज्यांच्या वस्तीत असा एक तरी मुलगा गेला आहे त्या वाचकांनी ती आपापल्या खासदाराकडे लेखी मागावी.